लाभ, दोन, तीन

चाचणीच्या पुस्तिकांचा गठ्ठा यंदाही आला. धान कापून बांध्या मोकळ्या झाल्या, शेताशेतात भाऱ्यांचे पुंजणे रचले गेले, आणि गावच्या शाळेचे मुख्याध्यापक मोटरसायकलच्या मागे गठ्ठा बांधून आमच्या दारात येऊन उभे राहिले. "मॅडम, यंदाही वर्ग तुम्हीच घ्या. मागच्या वर्षीच्या तुमच्या साऱ्याच बाया पास झाल्या."

मी हो म्हटलं. नाही म्हणायला कारणही नव्हतं. पण गठ्ठ्याची सुतळी सोडायला मला दोन दिवस लागले. त्या पुस्तिकेतलं एक पान मला चांगलं ठाऊक आहे. वर चित्रं, खाली रिकामी चौकट. 'चित्रातील वस्तू मोजा व संख्या लिहा.' पहिलीतल्या पोरानं खेळता खेळता सोडवावं असं गणित. तेहतीस वर्षं शाळेत गणित शिकवलेल्या बाईला त्या पानाची भीती वाटते, हे कुणाला सांगितलं तर लोक हसतील. हसू द्या. मला वाटते.

ही परीक्षा मुलांची नाही. ज्यांना शाळा मिळाली नाही अशा मोठ्या माणसांची आहे. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान, असे तीन भाग. सगळीकडे एकाच दिवशी, सारख्याच पद्धतीनं. मी निवृत्त झाले आणि आंधळगावच्या रस्त्यावरच्या या आमच्या गावी मायजवळ राहायला आले, त्याच हिवाळ्यात हा वर्ग माझ्या गळ्यात पडला. धान निघालं तेव्हा सुरू झाला आणि परसाला, म्हणजे पळसाला, फुलं आली तेव्हा संपला. एवढाच तो मोसम, चार महिन्यांचा. पण आता डिसेंबरातलं कोवळं ऊन शाळेच्या ओसरीवर तिरपं येताना दिसलं की मला तोच हिवाळा आठवतो. ओल्या तणशीचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, वास, पाटीवर पेन्सिल कुरकुरल्याचा आवाज, दूर कुठल्यातरी गावच्या मंडईतल्या, म्हणजे जत्रेतल्या, भोंग्यावरचं गाणं, आणि नऊ म्हाताऱ्या बाया, पाटीवर वाकून, ओठ हलवत मोजणाऱ्या.

या नऊ जणींत एक माझी माय होती. शेवंता. वय पंचाहत्तरच्या पुढचं, नेमकं तिलाही माहीत नाही. मुख्याध्यापक नावं लिहायला आले तेव्हा मीच म्हणाले होते, "सर, तिला कशाला आता?" तर आतून माय बाहेर आली आणि मला म्हणाली, "काहून वं? मी मेली का?" मग सरांकडे वळून, "लिवा माह्यं नाव. मले मोजता येते, लिवता येत नाही."

ते गेल्यावर मी विचारलं, "माय, या वयात तुला कशाची परीक्षा?"

"परीक्षा-फरीक्षा राहू दे," ती म्हणाली. "मले एक गणित सोडवाचं हाय. तेवढं आलं म्हंजे झालं."

कुठलं गणित, ते मी विचारलं नाही. मला कळलं होतं. आमच्या घरात एकच गणित होतं आणि त्याबद्दल पन्नास वर्षं कोणी बोललं नव्हतं. दहा कुडोंचं.

कुडो म्हणजे धान मोजायचं आमच्याकडचं लाकडी माप, तोंडाशी लोखंडी पट्टी मारलेलं. वीस कुडोंची एक खंडी. मी तेव्हा आठ वर्षांची होते. गावात तलावाच्या पाळीला लागून एक मोठं घर आहे, त्यांना सारे 'तलावावरचे' म्हणतात. आमचा मोहल्ला खालच्या अंगाला, आणि मोहल्ल्यातली निम्मी माणसं त्यांच्या बांध्यांत कामाला. त्या वर्षी त्यांचा मोजणारा गडी तापानं पडला होता. माय एकोडी गावाकडची, तिच्या माहेरी बायाही खळ्यावर धान मोजायच्या, हे कोणाला तरी माहीत होतं. म्हणून त्या दिवशी कुडो तिच्या हातात आला.

मला तो दिवस लख्ख आठवतो, कारण खडे मी ठेवत होते. माय कुडो भरायची, हातानं सपाट करायची, पलीकडे ओतायची आणि मोठ्यानं म्हणायची. पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन, चार. वीस झाले की माय म्हणायची, "ठेव खडा." मी एक खडा ठेवायची. पुन्हा लाभ, दोन, तीन. दहा खडे झाले आणि वर दहा कुडो उरले. मायनं मालकाला हाक मारून सांगितलं, "दहा खंडी अन् वर दहा कुडो." मालक हव म्हणून बैलबंड्या आणायला गेले. आम्ही दोघी राखणीला बसलो. मी तणशीवर आडवी झाले आणि मला झोप लागली.

धान तलावावर पोहोचलं. त्या घरची रीत अशी, की ढोलीत, म्हणजे धानाच्या कणगीत, टाकण्याआधी घरच्या बाईनं पुन्हा मोजायचं. घरच्या नव्या सुनेनं मोजलं. दहा खंडी भरली. वर काही नाही.

दहा कुडो, म्हणजे एक पोतं धान, कुठे गेलं? राखणीला शेवंता होती. घरी नेल्यावर कोण पुन्हा मोजते, असं तिला वाटलं असंल, लोक म्हणाले. कोणी आरडाओरडा केला नाही, कोणी मारलं नाही. तलावावरची म्हातारी दारात येऊन एवढंच म्हणाली, "शेवंते, भूक सांगून खावं, चोरून खाऊ नये." माय म्हणाली, "मी नाही नेलं बाई." एकदाच म्हणाली. दुसऱ्या दिवशी बाबांनी आमच्या ढोलीतलं दहा कुडो धान पोत्यात भरलं, खांद्यावर घेतलं आणि तलावावर टाकून आले. त्यांनी मायला काही विचारलं नाही. ना त्या दिवशी, ना मरेपर्यंत कधी.

भरपाई केली म्हणजे कबूल केलं. गावाचं गणित साधं असतं. त्यानंतर मायला कोणी खळ्यावर बोलावलं नाही, आणि तिनं घरच्या धानालाही कधी माप लावलं नाही. बाबा मोजायचे, बाबा गेल्यावर माझा भाऊ मोजायला लागला. ती बाजूला बसून सुपानं पाखडत राहायची. शाळेत दहाचा पाढा सुरू झाला की मागून कुणीतरी हळूच म्हणायचं, "दहा कुडो," आणि सारी पोरं खसखसायची. मी गणितात हुशार का झाले असं मला बरेचदा विचारतात. मी हसून टाळते. खरं म्हणजे मला त्या पाढ्याचा सूड घ्यायचा होता.

आणि एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर हा लेख लिहिण्यात काही अर्थ नाही. मलाही वाटत होतं की तिनं नेलं. मी झोपले होते. त्या आठवड्यात घरी दोन्ही वेळा पोटभर भात होता. तो कापणीच्या मजुरीचा होता हे मोठेपणी कळायला हवं होतं, पण लहानपणी दोन गोष्टी मनात चिकटल्या की त्या सुटत नाहीत. मोठी झाले, शिकले, नोकरी लागली. पहिल्या पगाराला मी मायला लुगडं घेऊन आले. फार मोठं मन झालं होतं माझं त्या दिवशी. मी तिच्याजवळ बसून म्हणाले, "माय, तेव्हा तू ते धान घेतलं असशील तर घेतलं असशील. आमच्या पोटासाठीच न? मले त्याचं काही वाटत नाही." माय तांदूळ निवडत होती. तिनं वर पाहिलं नाही. निवडून झाले, तिनं सूप उचललं आणि आत गेली. मला वाटलं, गप्प राहिली म्हणजे कबूल केलं. आणि मला तिचा आणखीच कळवळा आला. पोरांसाठी चोरी करणारी माझी माय! किती वर्षं मी ही गोष्ट मनात अशी जपून ठेवली होती, देवा. त्याचा मला अभिमान होता.

तर ही माय माझ्या वर्गात पाटी घेऊन बसली.

विद्यार्थिनी म्हणून ती भारी खट होती. पुस्तिकेत गणित होतं: एका टोपलीत सहा वांगी, तर चार टोपल्यांत किती? माय म्हणाली, "साऱ्या टोपल्या सारख्या कोन भरते?" मी म्हटलं, "माय, गणितात भरतात." "मंग गणितातल्या बाया बाजार करत नसतील," ती म्हणाली, आणि वर्ग हसला. दुसरं एक होतं: तीन बाया एक बांधी दोन दिवसांत रोवतात, तर सहा बाया किती दिवसांत? पुस्तिकेच्या मागं उत्तर होतं, एक दिवस. तिघी-चौघी एकदम बोलल्या, की त्या सहांत बाळंतीण कोण आहे, कुणाच्या पाठीत चमक आहे, ते लिहिलंच नाही. मी शाळेत असते तर फळ्यावर डस्टर आपटलं असतं. इथे आपटता येईना. त्या खरं बोलत होत्या. पण परीक्षेत खरं चालत नाही, उत्तर चालतं, हे मी त्यांना चार महिने शिकवत होते.

आकडे लिहायला मायला सगळ्यात जास्त त्रास चारचा आणि नऊचा झाला. नऊ उलटा व्हायचा. ती थुंकी लावून पुसायची, पुन्हा काढायची. बेरीज मात्र तिची तोंडी पक्की. आणि कामात घाई. बाकीच्या बाया सही शिकायला आल्या होत्या, बसची पाटी वाचायला, फोनवर नातवाचं नाव शोधायला. माय रोज विचारायची, "गुणाकार कधी शिकवतं?"

दर दुपारी वर्गात उशिरा येणारी एक म्हातारी होती. अनुसयाकाकू. तलावावरच्या घरची. पन्नास वर्षांपूर्वी ढोलीत धान मोजणारी ती नवी सून हीच. आता सासू गेली, नवरा गेला, मुलं नागपूरला. गुडघ्यांवर हात ठेवत ठेवत ती ओसरी चढायची आणि भिंतीला टेकून बसायची. मोहल्ल्यातल्या बायांच्या शेजारी, सतरंजीवर. तिची सासू पाहती तर काय म्हणाली असती, असं मला एकदा वाटून गेलं. माय आणि ती एकमेकींशी बोलत नसत. भांडण असं नव्हतं. पन्नास वर्षांची सवय होती.

अनुसयाकाकूची एक चूक मला काही केल्या सुधारता येत नव्हती. मी तिच्यासमोर बारा चिंचोके ठेवायची, ती लिहायची अकरा. आठ ठेवले तर सात. दरवेळी एक कमी. मला वाटलं, डोळ्यात मोतीबिंदू असेल. मी माझ्या वहीत तिच्या नावापुढे तसं लिहूनही ठेवलं. मी चिंचोके लांब लांब मांडले, मोठे मोठे निवडून आणले. तरी तेच. शेवटी जानेवारीतल्या एका दुपारी माझा संयम सुटला आणि मी म्हणाले, "काकू, मनात नका मोजू. मोठ्यानं मोजा बरं."

काकूनं पहिल्या चिंचोक्यावर बोट ठेवलं. "लाभ." दुसऱ्यावर ठेवलं. "एक." तिसऱ्यावर. "दोन."

बाया हसल्या. मीही हसले, मास्तरणीचं हसू. "अहो काकू, लाभ म्हणजेच एक! लाभ, दोन, तीन असं."

"नाही वं बाई," काकू म्हणाली. "आमच्या घरी लाभ मोजत नाही. लाभ लक्ष्मीचा. तो टाकाचा अन् मंग एकपासून धराचं. माह्या सासूनं असंच शिकवलं मले."

माझ्या मागे पाटीवरची पेन्सिल थांबली. मी वळून पाहिलं नाही. मायचा आवाज आला, अगदी साधा, बाजारात भाव विचारावा तसा. "बाई, खंडी मोजतानी बी?"

"हव. हरेक खंडीले. पयला लाभ, मंग एक, मंग दोन, असं वीसलोक मोजाचं."

माय उठली. पाटी काखेत धरली आणि ओसरी उतरून घरी निघाली. वर्ग सुटायला अर्धा तास होता. मी वर्ग घेतला. घड्याळातला काटा शिकवला त्या दिवशी, पावणेचार अन् सव्वाचार. काय शिकवलं देव जाणे.

खरं सांगते, मला तेव्हाही कळलं नव्हतं. काहीतरी लागलं आहे एवढंच कळलं. गणित मात्र मायच सोडवत होती. त्यानंतर सात-आठ दिवस ती वर्गात आली नाही. अंगणात बसून चिंचोके गोळा करायची. शेजारणींकडून मागून आणायची. एवढे कशाला म्हटलं तर, "लागतात" म्हणायची. एका दुपारी तिनं मला हाक मारली. सारवलेल्या अंगणात चिंचोक्यांचे दहा ढीग लावले होते.

"बस," ती म्हणाली. "हे तलावावरचं मोजणं. एकेका ढिगात पाह्य किती हायेत."

मी मोजले. एकवीस. दुसऱ्यातही एकवीस. साऱ्यांत एकवीस.

"त्यायच्या घरची खंडी. लाभ अन् वीस. दहा खंडी, बरोबर? वर काही नाही."

"हो."

मग तिनं दोन्ही हातांनी सारे ढीग एक केले. "आता हे माह्या माहेरचं." आणि ती मोजू लागली. लाभ, दोन, तीन, चार. वीस झाले की एक ढीग. पुन्हा लाभ, दोन. तिचा आवाज मला तणशीवर पडल्या पडल्या ऐकू येत होता तसाच होता, फक्त थोडा दमलेला. मी आठ वर्षांची झाले. मला कळायला लागलं, आणि तिचा तिसरा ढीग होण्याआधीच माझ्या डोक्यातलं शिकलेलं गणित धावत पुढे गेलं. दहा गुणिले एकवीस, दोनशेदहा. भागिले वीस. भाग दहा, बाकी दहा. पण मी बोलले नाही. तिचं गणित तिनं पूर्ण करायचं होतं.

दहा ढीग झाले. दहा चिंचोके उरले. ते तिनं ओंजळीत घेतले, माझा हात ओढून माझ्या तळव्यावर ठेवले आणि बोटं मिटवली.

"हे घे. तुह्ये दहा कुडो."

कोणी नेलं नव्हतं. एक दाणासुद्धा कुठे गेला नव्हता. दोन घरांच्या मोजण्याच्या दोन रीती, एका खंडीमागे एक कुडो, दहा खंड्यांमागे दहा. त्यांचा गडी त्यांच्याच रीतीनं मोजायचा, म्हणून आधी कधी फरक पडला नव्हता. दोघी बायांनी बरोबर मोजलं होतं. आणि त्यासाठी माझ्या आईनं पन्नास वर्षं मान खाली घालून काढली होती. बाबांनी जे दहा कुडो खांद्यावरून नेऊन टाकले, तेच काय ते खरोखर गेले. ते आमच्या घरातून गेले.

माय माझ्याकडे पाहत होती. "तू त गणिताची मास्तरीण," ती म्हणाली. "एवढ्या पोरायले शिकवलं. हे गणित काहून नाही सोडवलं वं, वंदे?"

मी काय सांगणार? गणित सोडवायला आधी वाटावं लागतं की उत्तर वेगळं असू शकतं. मला तसं एकदाही वाटलं नाही. मी उत्तर मनात धरूनच बसले होते. माझ्या वर्गात एखाद्या मुलीनं असं केलं असतं तर मी तिची वही फेकली असती. मी मुठीतले चिंचोके घट्ट धरून बसले. मायनं झाडू घेतला आणि अंगण झाडून काढलं.

दुसऱ्या दिवशीपासून ती पुन्हा वर्गात यायला लागली, आणि आता ती अनुसयाकाकूच्या शेजारी बसू लागली. मला वाटलं, आज बोलेल, उद्या बोलेल. ती काही बोलली नाही. काकू मात्र तशीच चुकत होती. सवय कुठे जाते? परीक्षा चार दिवसांवर आली तेव्हा मी काकूला म्हणाले, "काकू, मोजणीचं गणित तुम्ही सोडून द्या, बाकीच्यात पास व्हाल." तर माय म्हणाली, "सोडाचं काहून? मी शिकवतो तिले." आमच्याकडे बायाही 'मी शिकवतो' म्हणतात.

तिनं दहा चिंचोके मांडले. काकूचं बोट आपल्या हातात धरलं आणि पहिल्यावर टेकवलं. "म्हन, लाभ. आता इथं, दोन. एक नाही, दोन. लाभात एक आला. तो सोडाचा नाही, अनुसया. सोडला का कोनाचा तरी जाते."

पन्नास वर्षांत तिनं तिला पहिल्यांदा नावानं हाक मारली होती. काकूचं बोट तिसऱ्या चिंचोक्यावर थांबलं. तिच्या मनात खंड्या भरत असाव्यात. मग तिचा चेहरा असा काही झाला की मी नजर फिरवली.

"शेवंता," ती म्हणाली. "त्या दिशी ढोलीत मीच मोजलं होतं."

"मालूम हाय मले."

"मी बरोबर मोजलं होतं वं. मायबापाची आन."

"तूबी बरोबर. मीबी बरोबर," माय म्हणाली. "मोज आता पुढचे. चवथा."

काकू रडत रडत मोजत होती. दहापर्यंत आली. पाटीवर तिनं दहा लिहिले, वाकडे, पण दहा. बाकीच्या बायांतल्या निम्म्या त्या वर्षीच्या कापणीला होत्या. कोणी कुणाला समजावून सांगितलं नाही, पण संध्याकाळपर्यंत मोहल्ल्यात कळलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी तलावाच्या पाळीवरही. काकूनं स्वतः सांगितलं म्हणे, नळावर, साऱ्या बायांसमोर, आपल्या सासूचं नाव घेऊन. त्या वयात तेवढी हिंमत लागते. मी तिच्या जागी असते तर सांगितलं असतं का, माहीत नाही.

परीक्षेच्या दिवशी नऊ जणी इस्त्रीची लुगडी नेसून आल्या होत्या. कुणाच्या नाती पोहोचवायला आल्या होत्या, पेन देत होत्या, "आजी, घाबरू नको," म्हणत होत्या. शाळेमागचे परसे लालभडक झाले होते. मी खिडकीतून पाहिलं. माय जीभ दातांत धरून लिहीत होती. मोजणीचं गणित पहिल्याच पानावर होतं. चित्रात मडकी होती, तेरा. काकूचे ओठ हलताना मला दिसले. काय म्हणत होती ते ऐकू आलं नाही, पण तिनं चौकटीत लिहिलं ते तेराच होतं, नंतर तिनंच मला सांगितलं. दोघी पास झाल्या. प्रमाणपत्र आलं तेव्हा मायनं ते बाबांच्या फोटोसमोर धरलं. बुद्धाच्या तसबिरीखाली तो फोटो आहे. "पाह्यलं का?" एवढंच म्हणाली, आणि प्रमाणपत्र पेटीत ठेवून दिलं. फ्रेम करू का म्हटलं तर म्हणाली, "कायले? ज्याले दाखवाचं होतं त्याले दाखवलं."

मला वाटलं होतं, इथे संपेल. पण तिनं विचारलेला प्रश्न माझ्याकडे तसाच होता. उन्हाळा गेला, रोवणा झाला, धान पोटरीत आलं, कापणी झाली. मी वर्गात शेकडो मुलांना प्रश्न विचारले आणि उत्तर येईना तर उभं केलं. इथे मी स्वतः वर्षभर उभी होते आणि मला बसायला कोणी सांगत नव्हतं.

परवा आमचं धान चुरून झालं. मळणीचं मशीन आलं, दोन तासांत काम आटोपलं. भावानं वजनकाटा लावला. तेव्हा माय घरातून बाहेर आली. तिच्या हातात जुना कुडो होता, माळ्यावरून काढून धुतलेला. "घरच्या खान्याचं धान मी मोजतो," ती म्हणाली. भाऊ माझ्याकडे पाहायला लागला. मी म्हटलं, भर तू, तिला मोजू दे.

तो भरायचा, माय तळहातानं सपाट करायची. ती सुरू करणार तेवढ्यात मी तिच्याजवळ बसले. आता नाही तर कधीच नाही, असं वाटलं. "माय," मी म्हणाले, "ते गणित मी सोडवलं नाही. मले वाटत होतं तूच नेलं."

तिचा हात धानावरच होता. "मालूम हाय," ती म्हणाली.

"तेव्हापासून?"

"तू लुगडं आणलं, त्या दिशीपासून." ती धान सपाट करत राहिली. ते आधीच सपाट होतं. "तलावावरच्याईनं मले चोर म्हटलं. लोक हाय, म्हनतात. तुह्या बापानं काहीच म्हटलं नाही. पन तू त मले माफ केलं वं, बाई. मी काही केलंच नव्हतं, अन् तू मले माफ करून मोकळी झाली. त्या दिशी मले जसं लागलं, तसं कधीच लागलं नाही."

मी मान खाली घातली. माफ कर म्हणायची सोयच तिनं ठेवली नव्हती. आणि ती माफीची जागा रिकामीच राहायला हवी होती, असं मला अजूनही वाटतं.

"आता रडू नको," ती म्हणाली. "धान ओलं होते." मग तिनं पदरानं हात पुसले आणि माझ्यासमोर अंगणातले चार-पाच खडे सरकवले, जसे त्या दिवशी खळ्यावर सरकवले होते.

भावानं कुडो ओतला.

"लाभ," माय म्हणाली. मोठ्यानं, रस्त्यावरून जाणाऱ्यालाही ऐकू जाईल असं. "दोन. तीन. चार."

मी तिच्याबरोबर मनात मोजत होते, एकही न सोडता. वीस झाले तेव्हा ती थांबली आणि माझ्याकडे पाहिलं.

"ठेव खडा."

मी खडा ठेवला.